टेबलाला कसं कळतं, किती जोर लावायचा?

कुंपणावरची | सोमवार, २१:४०

भाचीचा अभ्यास घ्यायला बसले आणि तिनेच माझा घेतला. पुस्तकात चित्र आहे: टेबलावर एक पुस्तक, खाली जाणारा बाण म्हणजे वजन, वर जाणारा बाण म्हणजे टेबलाने लावलेलं बल. दोन्ही बाण सारखे, म्हणून पुस्तक स्थिर. इथवर सगळं ठीक. मग तिने विचारलं, "मावशी, अजून एक पुस्तक ठेवलं तर टेबलाला दुप्पट जोर लावावा लागणार ना? मग त्याला कसं कळतं किती लावायचा? चुकून जास्त लावला तर पुस्तक उडेल की!"

मी म्हटलं, न्यूटनचा तिसरा नियम. ती म्हणाली, "ते नाव झालं. कसं कळतं ते सांग." खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. पदवीपर्यंत विज्ञान शिकले, पण हा प्रश्न कधी पडलाच नाही. कुणी सांगेल का? दहावीच्या आतल्या मुलीला समजेल असं हवं.

सरळरेषा | सोमवार, २१:५२

तिसरा नियमच आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध. पुस्तक टेबलाला जेवढं ढकलतं, तेवढंच टेबल पुस्तकाला ढकलतं. यात कळायचं काय?

खडूस मास्तर | सोमवार, २२:१५

सरळरेषा, हीच चूक मी वर्षानुवर्षं पेपरांत तपासत आलोय, त्यामुळे थोडा खडूसपणा करतो.

तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असते. पुस्तकाचं वजन म्हणजे पृथ्वीने पुस्तकाला ओढणं. त्याची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला ओढणं. टेबलाचा त्यात संबंध नाही. वजन आणि टेबलाचा वरचा रेटा ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, म्हणजे ती तिसऱ्या नियमाची जोडी होऊच शकत नाहीत. ती समान आहेत ती पुस्तकाला त्वरण नाही म्हणून, आणि तो न्यूटनचा दुसरा नियम झाला.

पुरावा हवा तर टेबल लिफ्टमध्ये ठेवा. १ किलोच्या पुस्तकाचं वजन ९.८ न्यूटन. लिफ्ट वर जाताना २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण घेत असेल, तर तेवढा वेळ टेबल ११.८ न्यूटनने ढकलतं. वजन बदललं नाही, रेटा बदलला. तिसरा नियम मात्र दोन्ही वेळा जसाच्या तसा.

आता भाचीचा प्रश्न. "स्थिर आहे, म्हणून समान असलंच पाहिजे" हा आपला हिशेब. टेबलाने हिशेब केलेला नाही. त्यामुळे प्रश्न शिल्लकच आहे, आणि चांगला आहे.

गोगलगाय | सोमवार, २२:२०

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन.

जुना पाना | सोमवार, २३:०५

आयुष्य धातूचे तुकडे ओढून तोडण्यात गेलं, म्हणजे नोकरीच ती होती. त्यामुळे राहवत नाही.

टेबल वाकतं. एवढंच उत्तर आहे. पुस्तक ठेवलं की फळी किंचित खाली जाते, खाली गेली की वर ढकलू लागते, जितकी जास्त वाकते तितकं जास्त ढकलते. ज्या क्षणी रेटा वजनाइतका होतो, तिथे खाली जाणं थांबतं. दुसरं पुस्तक ठेवलं की आणखी थोडी वाकते. जास्त ढकललं गेलं तर पुस्तक थोडं वर उचललं जातं, फळी सरळ होते आणि रेटा आपोआप कमी होतो. पहिल्या काही क्षणांत हा वरखाली झोका प्रत्यक्षात होतोच, फक्त इतका लहान आणि इतक्या लवकर विरणारा की दिसत नाही. टेबलाला कळायची गरज नाही. गादीला तरी कुठे कळतं कोण बसलंय?

रॉबर्ट हूकने हे पकडलं. १६७६ साली त्याने आपला नियम अक्षरांची सरमिसळ करून कोडं म्हणून छापला, कुणी चोरू नये म्हणून, आणि १६७८ मध्ये उकलून सांगितला: जसं ताणणं, तसं बल. दुप्पट बल, दुप्पट ताणणं. हे फक्त स्प्रिंगपुरतं नाही, पोलाद, काच, दगड, हाड, सगळ्यांना मर्यादेत लागू आहे.

आकडे देतो, नाहीतर पटत नाही. १ मिलीमीटर जाडीची, १ मीटर लांब पोलादी तार घ्या, वरून टांगा, खाली १० किलो वजन लावा. तार ०.६ मिलीमीटरच्या आसपास लांबते. तशीच अॅल्युमिनियमची तार १.८ मिलीमीटर, म्हणजे तिप्पट. कारण पोलादाचा यंग गुणांक २०० गिगापास्कल आणि अॅल्युमिनियमचा ७०. हा गुणांक म्हणजे पदार्थाचा ताठपणा, मजबुती नव्हे. या दोन गोष्टी लोक कायम एक करतात. काच ताठपणात अॅल्युमिनियमच्या बरोबरीची आहे, पण म्हणून काचेच्या तारेला कुणी लिफ्ट टांगत नाही.

खोलात गेलं तर अणूंमधले बंध छोट्या स्प्रिंगांसारखे वागतात. जवळ दाबले तर दूर ढकलतात, दूर ओढले तर जवळ खेचतात. टेबल म्हणजे अशा अब्जावधी अब्ज स्प्रिंगांचं जाळं.

गोगलगाय | सोमवार, २३:२१

काँक्रीटच्या जमिनीवर मुंगी चालली तर जमीन वाकते म्हणता?

जुना पाना | सोमवार, २३:३३

म्हणतो. ढोबळ हिशेबाने एका अणूच्या व्यासाच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. अणू स्वतः उष्णतेने याहून कितीतरी जास्त थरथरत असतात, त्यामुळे ही सरासरी जागेची गोष्ट आहे. पण वाकते. न वाकती तर मुंगी आत गेली असती.

गोगलगाय | सोमवार, २३:३५

दंडवत.

निंबोणी | मंगळवार, ०८:१०

पानाकाका, पटलं, पण डोळ्यांनी दिसेल असं काही आहे का? मुलांना "इतकं लहान की दिसत नाही" सांगितलं की ती देवाच्या गोष्टीसारखं ऐकतात.

जुना पाना | मंगळवार, ०९:००

आहे. लहान आरसा टेबलावर सपाट ठेवा. बाजूच्या स्टुलावर लेझर पॉइंटर पक्का बांधा, किरण तिरपा आरशावर पाडा, परावर्तित ठिपका दूरच्या भिंतीवर घ्या. टेबल जरा कललं की आरसा कलतो आणि किरण त्याच्या दुप्पट कोनात वळतो. भिंत जितकी लांब तितकी हालचाल मोठी. लेझर त्याच टेबलावर ठेवू नका. किरण कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं सांभाळा, मुलांना भिंतीकडे पाठ करून उभं राहू देऊ नका.

भिंगरी | मंगळवार, १३:४५

जेवणाच्या सुट्टीत हा धागा वाचून ऑफिसात भांडण लावलंय. इथेही लावते.

ताणकाटा आडवा धरलाय. दोन्ही टोकांना दोरी, दोन्ही दोऱ्या कप्पीवरून खाली, दोन्हींना १०-१० किलो वजन. काटा किती दाखवेल? तिघं म्हणतात २०, दोघं म्हणतात शून्य कारण बलं एकमेकांना रद्द करतात. मी १० म्हणाले, पण मला नीट समजावता आलं नाही.

सरळरेषा | मंगळवार, १४:०२

शून्य. समान आणि विरुद्ध.

अर्धवर्तुळ | मंगळवार, १४:०५

२० हो. दोन वजनं लावलीत ना.

खडूस मास्तर | मंगळवार, १४:४०

१०. भिंगरीताई, एक वजन काढा आणि ते टोक भिंतीतल्या खिळ्याला बांधा. आता तर सगळे १० म्हणतील. पण खिळा किती बलाने ओढतोय? १० किलोच्या वजनाइतक्याच, नाहीतर काटा सरकत गेला असता. म्हणजे खिळा तेच काम करतोय जे दुसरं वजन करत होतं. काट्याला खिळा आणि वजन यातला फरक कळत नाही.

शून्यवाल्यांसाठी: बेरीज शून्य आहे म्हणून काटा जागेवरून हलत नाही. पण आतली स्प्रिंग ताणली जाते. हलणं आणि ताणलं जाणं हे दोन वेगळे परिणाम आहेत, आणि पाठ्यपुस्तकं पहिल्याचं इतकं कौतुक करतात की दुसरा विसरला जातो. तुमच्या दोन्ही गालांवर कुणी सारख्या जोराने दाबलं तर बेरीज शून्यच. तोंडाकडे आरशात बघा.

भिंगरी | मंगळवार, १४:४८

गालांचं उदाहरण ऑफिसात प्रात्यक्षिकासह दिलं. भांडण मिटलं.

अर्धवर्तुळ | मंगळवार, १५:३०

बरं, मान्य. मग एकच बल लावलं तर वस्तू ताणलीच जात नाही का? समजा गुळगुळीत बर्फावर रबराची लांब पट्टी ठेवली आणि एकच टोक धरून ओढली. दुसरं टोक मोकळं.

खडूस मास्तर | मंगळवार, १६:२०

वा! हा प्रश्न परीक्षेत घालायला हवा.

ताणली जाते, पण निम्मी. ओढणाऱ्या टोकाजवळच्या भागाला मागची अख्खी पट्टी खेचायची असते, त्यामुळे तिथे ताण पूर्ण. मधल्या भागाला मागची अर्धीच खेचायची, म्हणून ताण अर्धा. मोकळ्या टोकाला मागे काहीच नाही, ताण शून्य. सरासरी निम्मी, म्हणून एकूण लांबणंही दोन्हीकडून तेवढ्याच बलाने ओढल्याच्या निम्मं. (घर्षण नाही आणि ताण हूकच्या मर्यादेत आहे असं धरून.)

आणि गुरुत्वाकर्षण मात्र एकटं असून ताणत नाही. हातातून सुटलेली वस्तू मोकळी पडत असते तेव्हा तिच्या प्रत्येक कणावर वस्तुमानाच्या प्रमाणात बल असतं, सगळे कण एकाच त्वरणाने निघतात, कुणाला कुणाला ओढावं लागत नाही. आपल्याला जे "वजन" जाणवतं ते पृथ्वीचं ओढणं नसतंच, ते जमिनीचं ढकलणं असतं. पानासाहेबांची वाकलेली फळी.

निंबोणी | मंगळवार, १६:४५

ती जिन्यावरून उतरणारी मऊ स्प्रिंग असते ना, तिचा प्रयोग आठवला. वरचं टोक धरून लोंबकळत ठेवायची आणि सोडायची. मोबाइलवर हळू गतीने चित्रित केलं तर दिसतं की खालचं टोक काही क्षण हवेत तसंच थांबतं! वरचे वेटोळे येऊन आदळेपर्यंत त्याला पत्ताच नसतो.

जुना पाना | मंगळवार, १७:३०

बरोबर. खालच्या टोकाला वरचे वेटोळे धरून होते, आणि ते अजून ताणलेलेच आहेत. सोडल्याची बातमी स्प्रिंगमधून लहरीने खाली जाते. पोलादी सळईतही हेच, फक्त बातमीचा वेग सेकंदाला साधारण ५ किलोमीटर. १ मीटरच्या सळईचं एक टोक ढकललं की दुसऱ्याला कळायला एका सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढा वेळ लागतो. "दृढ वस्तू" हा शब्द गणित सोपं करायला आहे, तशी वस्तू अस्तित्वात नाही.

कुंपणावरची | मंगळवार, २१:१५

प्रयोग केला. आरसा टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला, शेजारी पुस्तकं. ठिपका ढिम्म हलला नाही. भाची माझ्याकडे ज्या नजरेने बघतेय ती इथे लिहिता येत नाही.

जुना पाना | मंगळवार, २१:३०

माझी चूक, जागा सांगितली नाही. मधोमध फळी सगळ्यात जास्त खाली जाते, पण तिथे ती कलत नाही. झोळीचा तळ बघा, सपाट असतो, उतार टोकांना असतो. आणि आरशाला खाली जाणं दिसत नाही, कलणं दिसतं. आरसा भिंतीकडच्या पायांजवळ ठेवा, पुस्तकं मधेच राहू द्या. ठिपका वर सरकेल. टेबल खाली, ठिपका वर, गोंधळू नका.

टेबलाची मापं द्या, किती सरकेल तेही सांगतो.

कुंपणावरची | मंगळवार, २१:४४

पायांमधलं अंतर १ मीटर, रुंदी ६० सेंटिमीटर, फळीची जाडी २ सेंटिमीटर. अस्सल लाकूड. आरशापासून भिंत ४ मीटर. आता भाची झोपली, उद्या.

जुना पाना | मंगळवार, २२:१०

लाकडाचा यंग गुणांक रेषांच्या दिशेने १० गिगापास्कलच्या आसपास धरतो, वजन बरोबर मध्यावर, फळी दोन्ही टोकांना नुसती टेकलेली. १ किलोला मध्य अर्ध्या मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढा खाली जाईल, आणि ठिपका सव्वा मिलीमीटर वर. ३ किलो ठेवा, पावणेचार मिलीमीटर दिसायला हवेत.

गोगलगाय | बुधवार, १०:०५

सगळं वाकतं आणि परत येतं, मग माझ्या मोबाइलची काच का परत आली नाही?

जुना पाना | बुधवार, ११:२०

कारण "मर्यादेत" हा शब्द तुम्ही वाचला नाहीत. हे घ्या.

पोलाद मर्यादेपलीकडे ओढलं तर आधी कायमचं लांबतं, मग तुटतं. साध्या बांधकामाच्या पोलादात ही हद्द दर चौरस मिलीमीटरला साधारण २५० न्यूटन. काचेकडे हा मधला टप्पा नाही. ती हूकचा नियम शेवटपर्यंत पाळते आणि मग थेट तुटते.

पण खरी मेख वेगळी आहे. सरासरी बल किती यावर काच तुटत नाही, ते एका ठिकाणी किती गोळा झालं यावर तुटते. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडलं तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लंबवर्तुळाकार आणि ताणाला आडवं असेल, समजा लांबी रुंदीच्या दहापट, तर टोकाला एकवीसपट. हे इंग्लिस नावाच्या अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलं. आता चिरेचं टोक किती अणकुचीदार असतं याचा विचार करा. १९२० च्या सुमारास ग्रिफिथ या दुसऱ्या अभियंत्याने काचेचे तंतू ओढून पाहिले. तंतू जितका बारीक, तितकी त्याची मजबुती जास्त निघाली, कारण मोठ्या चिरांना त्यात जागाच नसते.

चीर पुढे जाऊ नये म्हणून तिच्या टोकाशी गोल भोक पाडतात, ते याचसाठी. ऐकायला उलटं वाटतं, फुटत्या वस्तूला आणखी एक भोक. विमानाच्या खिडक्यांचे कोपरेही उगाच गोल नसतात. १९५४ मध्ये दोन कॉमेट प्रवासी विमानं हवेत फुटली. मग एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवला-उतरवला, तेव्हा विमानाचं धड एका झरोक्याच्या कोपऱ्यापासून फाटलं. प्रत्येक वेळचं बल मर्यादेच्या आतच होतं. थकवा आला.

निंबोणी | बुधवार, १२:००

"थकवा" हा खरंच शास्त्रीय शब्द आहे?

जुना पाना | बुधवार, १२:०८

आहे. यू-पिन एकदा वाकवा, तुटत नाही. पुढेमागे दहा-वीस वेळा वाकवा, तुटते. तुटण्याआधी वाकलेली जागा ओठाला लावून बघा, गरम लागते. (टोक सांभाळा.)

खडूस मास्तर | बुधवार, १२:५०

तुटण्यावरून माझा आवडता वर्गातला प्रयोग. दोन खडू. एक सरळ वाकवून मोडा, तुकडे जवळजवळ सपाट. दुसरा दोन्ही हातांनी पिळून मोडा. तुटलेली कड मळसूत्रासारखी फिरते, अक्षाशी ४५ अंशांत. कारण खडू ताण अजिबात सोसत नाही, आणि पिळताना सर्वांत जास्त ताण ४५ अंशांवर येतो. खडू स्वतःच आतल्या बलाचा नकाशा काढून देतो. दाबाला मात्र तोच खडू बराच टिकतो, काँक्रीटसारखा. काँक्रीट ताणाला दाबाच्या साधारण दहाव्या भागाएवढंच सोसतं, म्हणून ताणाच्या बाजूला पोलादी सळया.

अर्धवर्तुळ | बुधवार, १३:१५

म्हणजे आधार जास्त दिला की वस्तू सुरक्षित, बरोबर?

खडूस मास्तर | बुधवार, १३:४०

नेहमी नाही. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात एक किस्सा दिलाय. संगमरवराचा मोठा खांब आडवा, दोन टोकांना दोन ओंडक्यांवर ठेवला होता. मधे मोडू नये म्हणून कुणीतरी मधोमध तिसरा ओंडका सरकवला. काही महिन्यांनी खांब बरोबर त्या तिसऱ्या ओंडक्यावरच मोडलेला सापडला. टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता, त्यामुळे खांबाचं ते टोक अधांतरी राहिलं. दोनच आधार असते तर खांब ओंडक्याबरोबर नुसता खाली बसला असता.

सरळरेषा | बुधवार, १३:५५

माझा शून्य मागे घेतो. तिसऱ्या नियमाबद्दलचंही.

कुंपणावरची | बुधवार, २०:३०

हलला!! पुस्तकं ठेवली की ठिपका वर, उचलली की परत पेन्सिलच्या खुणेवर. भाचीने नुसत्या एका बोटाने टेबल दाबूनही ठिपका हलवला आणि अर्धा तास तेच चाललं होतं. "टेबल स्प्रिंग आहे" हे आता ती मला शिकवतेय.

पण पानाकाका, तुमचं गणित चुकलं. ३ किलोला पावणेचार म्हणाला होतात. आम्ही तीनदा मोजलं, १३ मिलीमीटर येतात.

जुना पाना | बुधवार, २०:५२

पुस्तकं काढल्यावर ठिपका खुणेवर येतो म्हणताय, म्हणजे पाय डगमगत नाहीत. जाडी २ सेंटिमीटरच का? जाडीचा घन येतो, थोडी चूक महागात पडते.

कुंपणावरची | बुधवार, २०:५९

परत मोजली. २.

जुना पाना | बुधवार, २१:१०

साडेतीनपट जास्त वाकतंय, म्हणजे गुणांक १० नव्हे, ३ च्या जवळ. अस्सल लाकूड इतकं लवचीक नसतं. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा गुणांक एवढा असतो. रागावू नका, पण फळीच्या खालच्या कडेची पट्टी कुठे सुटली असेल तर नखाने जरा उचलून बघा.

कुंपणावरची | बुधवार, २१:२४

उचलली. भुसा.